जुमेरातची लसूण-रोटी

कणकेला कान लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता. ओल्या फडक्याखाली झाकलेल्या काठवटीवर तो वाकायचा, दाढी कणकेला लागू नये म्हणून एका हाताने वर धरायचा आणि डोळे मिटून ऐकत राहायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दाराशीच थबकलो. त्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं.

"चूप. बोलून राहिला तो."

"कोण?"

"खमीर."

मला लिहायची सवय नाही. तीन बुकं झाली, चौथ्यात होतो, तेव्हा वडील माडावरून पडले आणि माझी शाळा सुटली. त्यामुळे चुकेल तिथे वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण आता अकोल्यात माझी स्वतःची भट्टी आहे, आणि रोज कणकेवरचं फडकं उचलताना त्या म्हाताऱ्याची दाढी डोळ्यांपुढे येते. कुणीतरी त्याच्याविषयी लिहायला हवं. मी सोडून दुसरं कोण लिहिणार?

त्याला सगळी अमरावती ‘चाचा’ म्हणे. अचलपूरच्या नानबायांच्या घराण्यातला, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रोट्या भाजणारा. तिथून तो अमरावतीला आला होता. का आला, हे विचारलं की तो लाकडं मोजायला लागे.

मी आलो कापसापायी. अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि वऱ्हाडात म्हणे सोनं उगवत होतं. रत्नागिरीकडच्या खेड्यात बायको आणि दोन वर्षांची मुलगी ठेवून मी निघालो. अक्षर बरं म्हणून गाठींवर खुणा रंगवायचं काम मिळालं, आणि चाचाच्या भट्टीमागची खोली मिळाली. दोन महिन्यांत तापाने आडवा झालो. उठलो तेव्हा माझ्या जागी दुसरा माणूस रंगाचा डबा घेऊन बसला होता. काम गेलं. खोली सोड, असं मात्र कुणी म्हटलं नाही. ते कधी म्हणतील, या भीतीने मी चाचाची लाकडं फोडत असे, पाणी भरत असे, न सांगता अंगण झाडत असे.

तापात मला भात पोटात ठरत नव्हता. चाचाने आंबट रोटीचा तुकडा लसणाच्या लोण्यात बुडवून माझ्या तोंडात घातला. कुणाच्या हातचं, कुणाच्या घरचं, हा विचार माझ्या मनात रोटी गिळल्यावर आला. घरी पत्रात लिहिलं, ‘पथ्याचं खातो.’ खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं.

चाचाचे नियम विचित्र होते. सगळे नानबाई पहाटे भट्टी लावतात, हा दुपारी लावी. म्हणे, "लोकाइची भूक संध्याकायी खरी असते." भट्टीजवळ जोडे घालून कुणी आलं तर त्याच्या अंगावर पीठ फेकी. खमिराशी ‘आप’ म्हणून बोले. त्याची हंडी थंडीत चाचाच्या गोधडीत असे, उन्हाळ्यात पाण्याच्या रांजणाला टेकून वाळूत पुरलेली असे. खमीर म्हणजे आंबवलेलं पीठ. रोज त्यातला गोळा कणकेत घालायचा, आणि भाजायच्या आधी त्या कणकेतला गोळा काढून परत हंडीत ठेवायचा. दह्याच्या विरजणासारखं. "हा माह्या आजापासून चालू हाये," चाचा सांगे. "मी मरीन, हा नाई मरनार. म्हनून त्याले आप म्हनतो, तुले तू म्हनतो."

आणि कापसावर त्याचा राग. त्या दिवसांत सगळ्या गावावर कापूस तरंगत असे. गाड्यांची रांग संपत नसे, शिंगांना चांदीच्या टोप्या घातलेले बैल रस्त्यात उभे असत, आणि वाऱ्याबरोबर तंतू येऊन कणकेवर बसत. चाचाने काठवटीभोवती मलमलीचा पडदा बांधला होता. तरी एखादा तंतू सापडेच. तो चिमटीत धरून, उजेडात नेऊन चाचा मला दाखवी. "पाह्य गा कोकन्या. साऱ्या दुनियेनं हे पेरलं. आता रोटीत पन हेच खातील."

त्याची रोटी मात्र लोक दुरून येऊन नेत. कारण असं की, छावणीकडे साहेबलोकांसाठी मुंबईहून आलेला एक पाववाला होता, तो शिंदीच्या झाडाची ताडी घालून पाव फुगवी. मुसलमान वस्तीत तो पाव चालत नसे. चाचा भट्टीचं तोंड उघडलं की ओरडे, "शिंदी नाई, ताडी नाई! पीठ, पानी, मीठ अन् सबर!" सबर म्हणजे सबुरी. आणि हळूच पुढे म्हणे, "सबर सगळ्यात महाग हाये, म्हनून थोडाच घालतो."

त्या आरोळीवर एका माणसाचं सगळं चाललं होतं. कापसाच्या गाड्या हाकणारा एक गाडीवान होता, पन्नाशीला आलेला. दारूपायी त्याचा संसार मोडला होता. बायको माहेरी गेली, तेव्हा त्याने चाचाच्या भट्टीसमोर शपथ घेतली होती, की थेंब घेणार नाही. तेव्हापासून तो चाचाच्याच हातची रोटी खाई. रोज घेताना विचारे, "चाचा, पक्कं?"

"पक्कं," चाचा म्हणे.

मगच तो हात पुढे करी. मी हे शंभरदा ऐकलं असेल. चाचाने एकदाही ‘रोज काय विचारतोस’ म्हणून त्याला टोकलं नाही.

आता लसणाचं सांगतो.

जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, चाचा विक्री बंद ठेवी. त्या दिवशी फक्त लसणाच्या रोट्या, आणि त्या सगळ्या दर्ग्यापाशी वाटायच्या. लसूण वलगावच्या एका माळणीचा. ती टोपली डोक्यावरून उतरवायच्या आधीच बोलायला लागे.

"मियाँजी, पाहा तं खरं. एकेक गड्डा पोट्ट्याच्या मुठीएवढा हाये."

"कोन्या पोट्ट्याच्या, बाई? आज जन्मलेल्या?"

"तुमी नका घेऊ. म्या परत नेते. रस्त्यात चार जन हात जोडून उभे हायेत माह्या लसनासाठी."

मग तोच लसूण ती तिथेच ठेवी आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन उभी राही. चाचा अख्खे गड्डे निखाऱ्यांच्या राखेत पुरे. साल काळी झाली की आतल्या पाकळ्या लोण्यासारख्या मऊ होत. त्या पिळून काढायच्या, ताज्या लोण्यात मीठ घालून कालवायच्या, थंडीचे दिवस असले तर लसणाची हिरवी पात चिरून टाकायची. रोट्या जाडजूड, वरून तडकलेल्या, आतून जाळीदार. गरम असतानाच त्यांना आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या, तळाशी जाऊ द्यायच्या नाहीत. चिरांत ते लोणी भरायचं आणि पुन्हा भट्टीत सारायच्या. चुर्र आवाज आला की माळीण डोळे मिटून घेई.

"तुमच्या हातचं खाता येत नाई मले," ती म्हणे, "पन वास घ्यायले कोन अडवते? माहा नवरा इचारते, बजारातून आली का लगनातून."

रोटीत लसूणच का, असं मी विचारलं की चाचा दर वेळी वेगळं उत्तर देई. एकदा म्हणाला, दृष्ट लागत नाही. एकदा म्हणाला, बापाला आवडायचा. एकदा मात्र म्हणाला, "दर्ग्याहून मानूस निंघाला की चार गल्ल्याइले समजलं पाहिजे, यानं आज खाल्लं म्हनून. गरीबाचं खानं कोनाले दिसत नाई. वास तं येऊ दे."

पौषातल्या एका जुमेरातीला माळीण आली नाही. चाचा सकाळी कणीक मळून स्वतःच वलगावला निघाला. जाताना मला म्हणाला, "काठवटीले हात लावू नको. तो उठंल तवा उठंल. मी आलो की भट्टी लावू."

वऱ्हाडातली थंडी मी पहिल्यांदा बघत होतो. आमच्याकडे पौषातही अंगाला घाम असतो. त्या दिवशी रांजणातलं पाणी हाताला चावत होतं. मी फडकं उचलून पाहिलं, कणीक सकाळी होती तेवढीच. तासाभराने पाहिलं, तेवढीच. कान लावला, काही ऐकू आलं नाही. दुपार झाली. दर्ग्यापाशी माणसं जमायला लागली असतील, चाचा परत येईल, रोट्या होणार नाहीत, आणि तो म्हणेल, ‘एक काम सांगितलं होतं.’ मग खोली. मग मी कुठे?

माझे वडील माड चढून माडी काढायचे. आमच्या घरी आंबोळीचं पीठ आंबलं नाही की आई त्यात थोडी माडी घाली. त्यात पाप असतं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. चाचाची आरोळी मी रोज ऐकत होतो, तीही त्या क्षणी आठवली, हे मी लपवणार नाही. पण नाल्याकाठी शिंदीवाला बसतो हेही आठवलं. मी तांब्या घेऊन गेलो. आणली, कणकेत घातली, मळली आणि काठवट उन्हात ठेवली.

कणीक उधाणासारखी वर आली.

चाचा लसणाच्या जुड्या खांद्यावर टाकून आला. काठवट पाहून तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. "तुह्या हातात बरकत हाये गा, कोकन्या," तो म्हणाला. घर सोडल्यापासून मला कुणी असं बोललं नव्हतं. माझं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मग त्याने कणकेतला एक गोळा तोडला, ‘या, आप या’ म्हणत हंडीत ठेवला आणि वर झाकण लावलं. ते झाकण लागलं तेव्हा मला कळलं, की हे आजच्या रोटीपुरतं राहिलं नाही. उद्याच्या रोटीत ते जाणार, परवाच्या, आणि मी परत कोकणात गेल्यावरच्याही.

त्या दिवशी भाजलेल्या लसणाच्या वासात दुसरा कुठला वास कुणाला येणार? दर्ग्यापाशी लोक म्हणाले, आजची रोटी पिसासारखी झालीय. गाडीवानाने विचारलं, "चाचा, पक्कं?" चाचा म्हणाला, "पक्कं."

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. मला रोटी गिळवेना. रविवारी गाडीवान आला, नेहमीचं विचारलं, आणि चाचा त्या दिवशी खुशीत होता, म्हणून जरा जास्तच बोलला. "माह्या जबानवर खा, लेका."

तो गेल्यावर मी चाचाचे पाय धरले आणि सगळं सांगितलं.

चाचा भट्टीच्या ओट्यावर बसला. बराच वेळ नखातली कणीक काढत राहिला.

"किती घातली?"

"एक तांब्या."

"मी आलो तवाच काहून नाई सांगितलं?"

"तुम्ही म्हणालात, हातात बरकत आहे."

"हाव," तो म्हणाला. "म्हनलो होतो खरं."

मी माझं बोचकं आणायला उठलो. तो ओरडला, "कुठी चालला? पयून गेला तं मले दोन गोष्टी शोधा लागतील, खमीर अन् तू. पायात घाल. आपल्याले फिरायचं हाये."

आणि आम्ही फिरलो. प्रत्येक दारात उभा राहून चाचा एकच बोलला: "जुमेरातपासूनच्या रोटीत शिंदी होती. चूक माह्या भट्टीची. माफी मांगतो." पहिल्याच दारात मी ‘चूक माझी’ म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने जोड्याची टाच माझ्या अंगठ्यावर अशी दाबली की माझा आवाजच निघाला नाही. कुणी तोंडावर दार लावलं. एका म्हातारीने घरातली उरलेली रोटी आणून आमच्या पायांवर टाकली. चाचाने ती वाकून उचलली, झटकली, झोळीत ठेवली.

मशिदीतले मौलवी म्हणाले, "नकळत खाल्लं, माफ आहे. आणि ताडी तर आगीत जळून गेली."

"ताडी जयली," चाचा म्हणाला. "मी ‘पक्कं’ म्हनलो ते कुठी जयलं?"

शेवटी गाडीवानाचं दार. तो खाटेवर बसून बैलाची दोरी वळत होता. ऐकल्यावर त्याने दोरी खाली ठेवली. दोन्ही हात पुढे धरून बोटं थरथरतात का ते पाहिलं त्याने.

"मले समजलंच नाई, चाचा," तो म्हणाला. "त्या चवीसाठी घर घालवलं म्या. ते तोंडात आली अन् म्या वयखली नाई." मग दोरी पुन्हा हातात घेतली. "पन आता मी तुह्या भट्टीवर येनार नाई. आजपासून माहा मीच भाकर थापीन."

"थाप," चाचा म्हणाला. रस्त्याला लागल्यावर त्याने माझा खांदा धरला. मला वाटलं रागाने. पण त्याचा तोल जात होता.

दुसऱ्या दिवशी माळीण आली, तेव्हा चाचाने हंडी तिच्यापुढे ठेवली. "घेऊन जा, बाई. वाफ्यात टाक." तिला सगळं कळलं होतं, वलगावपर्यंत बातमी पोचली होती.

"अन् माह्या लसनाले नशा चढली म्हंजे?" ती म्हणाली. कुणी हसलं नाही. मग तीच हळू आवाजात म्हणाली, "सारा नका फेकू, मियाँजी. आजापासूनचा हाये ना?"

"म्हनूनच," चाचा म्हणाला. काठवटही त्याने भट्टीत घातली.

भट्टी थंड झाली. चाचा दिवसभर अंगणात बसे आणि कणीक नसतानाही कापसाचे तंतू वेची. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "हा खमीर दुसऱ्या कुणाकडे असेल का?"

तो उठून लाकडं मोजायला लागला. सगळी मोजून झाली. मग पाठमोरा म्हणाला, "अचलपूरले माही बहीन हाये. मोठी. पन मी नाई जाऊ शकत."

"मी जातो."

पंधरा कोस. वाटेत वलगावला माळणीने भाकरी बांधून दिली आणि वर ऐकवलं, "हे पोचव तरी नीट. यात काही घालू नको." दुसऱ्या दिवशी अचलपूरला घर सापडलं. दाराला गोणपाटाचा पडदा होता. मी बाहेरून कोण, कुठला, काय झालं, ते सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. लपवायचा मला आता कंटाळा आला होता.

पडद्याआडून आवाज आला, म्हातारा पण खणखणीत. "तो अठून कसा गेला, ते सांगितलं का त्यानं तुले?"

"नाही."

"मी नमाजले उभी होती. त्यानं हंडीतून गोया काढला अन् गेला. नमाजात मागं वयून पाहता येत नाई. पन आयकू तं येते. झाकन काढलं. झाकन ठेवलं. मंग दार." ती थांबली. "सतरा साल झाले. मांगितला असता तं मी काय नाई म्हनली असती? इरजनाले कोनी नाई म्हनते का?"

पडद्याचा काठ जरा हलला.

"अन् तू किती दिवसानं सांगितलं त्याले?"

"तीन."

"तीन!" पडद्यामागे ती हसली असावी. "त्याले सतरा सालात जमलं नाई."

पडद्याखालून एक थैली बाहेर आली. कोरड्या पिठात पुरलेला घट्ट गोळा, नारळाएवढा. "पोटाशी धर, थंडी लागू देऊ नको. अन् त्याले सांग, या बारीले मांगून नेला."

ती थैली मी बंडीच्या आत घालून आणली. वाटेत झोपलो तो कुशीवर, मुलीला घेऊन झोपावं तसा.

चाचा दारातच उभा होता. त्याने गोळा हातात घेतला, पीठ फुंकलं, कान लावला. मी निरोप सांगितला, सगळा. त्याने एकच विचारलं.

"झाकन ठेवल्याचा आवाज आयकला होता तिनं?"

"हो."

तो तसाच उभा राहिला, कानाशी गोळा धरून. मग म्हणाला, "मी लय हयू ठेवलं होतं."

पुढे त्याने बहिणीला दर ईदेला लसणाच्या रोट्या धाडल्या. माझ्या हाती. आणि मी अकोल्याला भट्टी टाकली तेव्हा त्याने मला गोळा दिला, पण मी मागेपर्यंत दिला नाही. तीन दिवस मी लाजत होतो, तो वाट बघत बसला होता. आज माझ्याकडे कुणीही खमीर मागायला आलं, की मी हातातलं काम टाकून आधी तो देतो.

पण त्याआधीची ती जुमेरात सांगायची राहिली. नव्या खमिराची पहिली. नवी काठवट, वलगावचा लसूण, वर हिरवी पात. कणीक उठायला दुपार टळली, आम्ही दोघं तिच्याशेजारी नुसते बसून होतो. दर्ग्यापाशी माणसं नेहमीच्या निम्मीही नव्हती. टोपली खाली ठेवून चाचा आरोळी न देता बाजूला झाला. मी त्याच्याकडे पाहिलं.

"आज तू बोल," तो म्हणाला.

"शिंदी नाही," मी म्हटलं. कुणालाच ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "शिंदी नाही, ताडी नाही. पीठ, पाणी, मीठ." पुढचा शब्द मला म्हणवेना. चाचाने तो हळूच भरला.

एकेक जण पुढे आला. सगळ्यात मागे, भिंतीच्या सावलीत, गाडीवान उभा होता. येणार नाही म्हणाला होता, आणि आला होता. माणसं पांगल्यावर तो जवळ आला. त्याने चाचाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"कोकन्या. पक्कं?"

माझ्या हातांनी मळलेली कणीक होती ती. सकाळपासून मी तिच्याजवळून हललो नव्हतो.

"पक्कं," मी म्हटलं.

त्याने रोटी घेतली, मोडली, नाकाशी नेली. तसाच थांबला. मग एक घास तोडला आणि चावत चावत गल्लीत वळला. तो दिसेनासा झाला, तरी लसणाचा वास बराच वेळ येत राहिला. चाचा नाक वर करून उभा होता. एका गल्लीनंतर दुसरी, दुसरीनंतर तिसरी, असं तो बोटांवर मोजत होता.